शंकेची रीत : श्रद्धावंत व संशयवादी यांच्या प्रश्नोत्तरांविषयी

वसई-विरारच्या पश्चिम किनाऱ्यावर राजोडी हे गाव आहे. त्याच्या आसमंतात सोपाऱ्याचा बौद्ध स्तूप, निर्मळचे शंकराचार्यांचे देवस्थान व नंदाखालचे चर्च ही सर्व काही कोसांच्या आत येतात. अशा प्रदेशात श्रद्धेविषयीचा प्रश्न हा केवळ तत्त्वचर्चेचा विषय राहत नाही. तो शेजाऱ्याने शेजाऱ्याला विचारलेला प्रश्न असतो. विज्ञानाच्या नावाने विचारलेल्या प्रश्नाची रीत कोणती असावी, म्हणजे तो प्रश्नही राहील आणि शेजारही राहील, याचा विचार प्रस्तुत टिपणात करावयाचा आहे. आदर म्हणजे मवाळपणा असा जो समज आपल्याकडे रूढ आहे, तो मला मान्य नाही. माझे म्हणणे असे की, आदर हा प्रश्नाच्या बांधणीचा गुण आहे. त्याच्या स्वराचा गुण त्या मानाने दुय्यम होय.

राजोडीच्या दक्षिणेस, याच किनारपट्टीवर, भुईगाव येथे १९५६ साली अशोकाच्या नवव्या शिलालेखाचा एक खंड सापडला. त्यापूर्वी १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सोपाऱ्यास आठव्या लेखाचा खंड मिळालेला होता. नवव्या लेखाचा विषय प्रस्तुत चर्चेला फार जवळचा आहे. आजारपण, मुलामुलींची लग्ने, अपत्यजन्म, प्रवास अशा प्रसंगी लोक नाना प्रकारची मंगलकृत्ये करतात, याची त्यात नोंद आहे. राजा ती बंद करावयास सांगत नाही. मंगलकृत्ये करावीत, परंतु या प्रकारच्या कृत्यांचे फळ अल्प असते, असे तो म्हणतो. आणि सेवकांशी नीट वागणे, गुरुजनांचा मान राखणे, प्राण्यांविषयी संयम बाळगणे यांना तो अधिक फलदायी मंगल म्हणतो. या लेखाच्या काही प्रतींत तर, इतर मंगलांनी हेतू साधेल किंवा साधणारही नाही, असा स्पष्ट संशय व्यक्त केलेला आहे. आचार राहू द्यावा आणि फलाची विचारपूस करावी, अशी ही भूमिका आहे.

तथापि या लेखातही एक उणीव राहिली आहे. क्षुद्र व निरर्थक कृत्ये विशेषेकरून स्त्रिया करतात, असे तेथे म्हटले आहे. कृत्याची परीक्षा चालू असता मध्येच कर्त्याच्या जातीची परीक्षा सुरू होते, आणि लेखाचा तोल तेवढ्यापुरता जातो. ज्या राजाने बाराव्या लेखात परपंथाविषयी बोलताना वाणीचा संयम सांगितला, त्याच्याही हातून हे घडावे, ही गोष्ट आपण ध्यानात ठेवली पाहिजे.

मराठी वाङ्मयात प्रश्नोत्तराची परंपरा जुनी आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांच्या १६१६ साली छापलेल्या ‘ख्रिस्तपुराणा’त श्रोता मधूनमधून शंका विचारतो व पाद्री तिचे निरसन करतो. भाषेच्या दृष्टीने या ग्रंथाची थोरवी वादातीत आहे. परंतु त्यातील शंका उत्तरासाठी योजलेली आहे. उत्तर देणारा हरू शकेल अशी शक्यता त्या रचनेत नाही, आणि गोव्यात १५६० पासून धर्मन्यायपीठ कार्य करीत होते हे लक्षात घेता ती असणे शक्यही नव्हते. १८५७ च्या पूर्वार्धात मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबुवा ब्रह्मचारी व ख्रिस्ती मिशनरी यांच्यात जे वाद झाले, त्यांत निदान दोन्ही पक्ष समोरासमोर उभे होते. ही मोठीच प्रगती म्हटली पाहिजे. परंतु तेथेही वाद ग्रंथप्रामाण्याचा होता. कोणत्या गोष्टीने निर्णय लागावा, याविषयी उभयपक्षी संमती नव्हती. म्हणून सभा पुष्कळ झाल्या आणि निर्णय एकही झाला नाही.

आता अलीकडच्या काळातील तीन घटना घेऊ. योगायोगाने तिन्हींचा संबंध द्रवाशी आहे. २१ सप्टेंबर १९९५ रोजी गणेशमूर्ती दूध पितात अशी वार्ता देशभर पसरली. चमच्याच्या कडेवरील दूध पृष्ठताणामुळे मूर्तीकडे ओढले जाते व पातळ थराने खाली ओघळते, हे वैज्ञानिकांनी दुधात रंग मिसळून दाखविले. ऑगस्ट २००६ मध्ये माहीमच्या खाडीचे पाणी गोड झाले आणि अनेकांनी ती मखदूम बाबांची कृपा मानली. पावसाळ्यात नदीनाल्यांचे गोडे पाणी खाडीत मोठ्या प्रमाणावर उतरते, हे त्याचे कारण. आणि ते दूषित पाणी पिऊ नये म्हणून महापालिकेला लोकांना बजवावे लागले. मार्च २०१२ मध्ये विलेपार्ल्याजवळ इर्ला येथे क्रुसावरील येशूच्या पायांतून पाणी ठिबकू लागले. सनल एडमरुकू यांनी जागेची पाहणी करून, तुंबलेल्या गटाराचे पाणी केशाकर्षणाने भिंतीतून वर चढत आहे, असे निदान केले.

भौतिक विज्ञानाच्या दृष्टीने या तिन्ही घटना सारख्याच साध्या आहेत. सामाजिक परिणाम मात्र सारखे झाले नाहीत. दुधाचा प्रयोग कोणालाही स्वयंपाकघरात करता येत होता, म्हणून तो प्रश्न प्रत्येकाचा झाला. माहीमच्या प्रश्नात लोकांच्या आरोग्याची काळजी उघड दिसत होती. इर्ल्याचे निदान मात्र दूरचित्रवाणीवरील वादात सापडले. भिंतीतील ओल बाजूला राहिली आणि चर्चने चमत्कारांचा व्यापार चालविला आहे की काय, हा विषय पुढे आला. वस्तुतः चर्चने त्या घटनेस चमत्कार म्हणून अधिकृत मान्यता दिलेली नव्हती. एडमरुकू यांच्याविरुद्ध भारतीय दंड संहितेच्या २९५-अ कलमाखाली तक्रारी झाल्या आणि त्याच वर्षी त्यांनी देश सोडला.

येथे दोषाची वाटणी समान करणे अन्यायाचे होईल. कठोर बोलणे ही चूक असू शकते; परंतु तिला तुरुंगाच्या भीतीने उत्तर देणे हा अपराध त्याहून पुष्कळ मोठा आहे. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची हत्या झाली. वाणीचा संयम हा धर्म दोन्ही पक्षांना लागू आहे. आणि ज्याच्या पाठीशी संख्या वा दंडशक्ती आहे, त्याला तो अधिक लागू आहे.

श्रद्धावंतांच्या स्वतःच्या परंपरेतही कठोर शंकेला स्थान आहे, हे संशयवादी बहुधा विसरतात. संतपदाच्या चौकशीत विरुद्ध बाजू मांडणारा अधिकारी कॅथॉलिक चर्चने १५८७ पासून अधिकृतपणे नेमला. १९८३ च्या सुधारणेने त्याचे पूर्वीचे स्वरूप उरले नाही. लूर्द येथे रोगमुक्तीचे हजारो दावे नोंदले गेले, परंतु वैद्यकीय छाननीनंतर चर्चने चमत्कार म्हणून मान्य केलेल्यांची संख्या सत्तरच्या आसपासच आहे. या मान्यतेशी आपण सहमत असण्याचे कारण नाही. परंतु ‘तुमच्याच कसोटीने ही घटना कशी ठरते?’ असे विचारण्याची वाट येथे खुली आहे, आणि इर्ल्यास ती कोणी चोखाळली असती तर चर्चा निराळ्या दिशेने गेली असती.

चांगल्या बांधणीच्या प्रश्नाचा एक नमुना मराठी समाजातच उपलब्ध आहे. डॉ. जयंत नारळीकर व त्यांचे सहकारी यांनी फलज्योतिषाची घेतलेली संख्याशास्त्रीय चाचणी २००९ साली प्रसिद्ध झाली. हुशार विद्यार्थ्यांच्या १०० व मतिमंद मुलांच्या १०० पत्रिका मिळवून, त्यांतील ४० पत्रिका प्रत्येक ज्योतिषाकडे ओळखण्यासाठी दिल्या गेल्या. ५१ जणांनी तयारी दर्शविली. २७ जणांची उत्तरे आली. बरोबर उत्तरांची सरासरी ४६ टक्के भरली. एका संस्थेने सर्व २०० पत्रिका तपासल्या व तिची १०२ उत्तरे बरोबर आली. नाणे उडवूनही एवढेच साधते. या चाचणीत कोणाही ज्योतिषाला खोटा म्हटलेले नाही, आणि उत्तर प्रश्नकर्त्याच्या विरुद्ध जाण्यास पुरेपूर वाव होता. तिच्यातील उणे हेच की, निम्म्याजवळ जणांनी उत्तरे पाठविली नाहीत. कसोटी ठरवितानाच उत्तर देणाऱ्यांना सहभागी करून घेतले, तर पुढे अशी गळती कमी होईल, असे मला वाटते.

हाच न्याय विज्ञानाच्या घरातही लागू पडतो. विश्व प्रसरण पावते आहे असे १९२७ साली मांडणारे व पुढे आद्य अणूची कल्पना सुचविणारे जॉर्ज लमेत्र हे कॅथॉलिक धर्मगुरू होते. त्या महास्फोटाच्या सिद्धान्तावर आयुष्यभर शंका घेणारे नारळीकर हे अंधश्रद्धेचे टीकाकार होते. बहुसंख्य खगोलशास्त्रज्ञांचा कौल महास्फोटाच्या बाजूने पडला, तो निरीक्षणांमुळे. लमेत्र यांच्या झग्यामुळे नव्हे. आणि १९५१ साली पोप बारावे पायस यांनी या सिद्धान्तात सृष्टीच्या निर्मितीची साक्ष पाहिली, तेव्हा ती जोडणी खुद्द लमेत्र यांना रुचली नाही. कोण विचारतो यावरून काय विचारले आहे हे ठरविणाऱ्यांनी हे उदाहरण अवश्य मनन करावे.

तात्पर्य, आदरयुक्त प्रश्नाच्या तीन कसोट्या सांगता येतील. प्रश्न घटनेविषयी असावा, माणसाच्या लायकीविषयी नसावा. निर्णय कशाने लागेल हे उभयपक्षी आधी ठरावे. आणि कोणत्या उत्तराने आपले मत बदलेल, हे विचारणाऱ्याने प्रथम सांगावे. तिसरी कसोटी सर्वांत अवघड आहे. ती संशयवाद्यालाही चुकत नाही.

शेवटी पुन्हा राजोडीच्या किनाऱ्याकडे वळू. समुद्रालगतच्या जमिनीत गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक मीटर असेल, तर तिच्याखाली साधारणतः चाळीस मीटरपर्यंत गोडे पाणी असते, असा भूजलशास्त्राचा स्थूल नियम आहे. उपसा वाढला की खारे पाणी वर येते. वसईचे पाणी व हिरवाई राखण्यासाठी जी हरित वसई चळवळ झाली, तिचे नेतृत्व नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी केले. तेच २०२० साली मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, आणि त्यांच्या लगेच नंतरच्या संमेलनाचे अध्यक्षपद नारळीकरांकडे आले. दोघेही आज हयात नाहीत. विहिरीचे पाणी खारे का झाले, हा प्रश्न विचारणाऱ्याला त्याची श्रद्धा कोणी विचारीत नाही. उत्तर मात्र सर्वांनाच हवे असते. इतर प्रश्नही याच रीतीने विचारता येतील काय, हे आपल्या विद्यार्थ्यांनी तपासून पाहण्यासारखे आहे.