इशीचा शिष्य

सॅक्स्टन पोप यांचे ‘हंटिंग विथ द बो अँड ॲरो’ (१९२३) मी शिकारीपेक्षा त्यांच्या गुरूसाठी वाचतो. गुरू इशी, कॅलिफोर्नियातील याही जमातीचा अखेरचा माणूस. शिष्य पोप, पेशाने शल्यविशारद. हरणाच्या शिकारीआधी मासे खायचे नाहीत, तंबाखू वर्ज्य, पहाटे ओढ्यात स्नान, म्हणजे हरणाला माणसाचा वास लागू नये. असली शिकवण पोप फार तन्मयतेने टिपतात. ही पाने सुरेखच. धनुष्यबाणांची याही नावेही ते देतात. पण गुरूचे सलग बोलणे फारसे कानी पडत नाही. आपल्या दुभाषी मुलखातल्या वाचकाला हे खुपणारच. ते बोलणे टिपले १९१५ साली भाषाशास्त्रज्ञ एडवर्ड सपीर यांनी. पुढच्याच वर्षी इशी क्षयाने गेला.