‘सोल्ड’ कादंबरीतील मैत्री व आशेचे चित्रण

पॅट्रिशिया मॅकॉर्मिक यांच्या ‘सोल्ड’ (२००६) या कादंबरीतील निवेदक लक्ष्मी ही नेपाळच्या डोंगराळ खेड्यातून कोलकात्याच्या कुंटणखान्यात विकली गेलेली १३ वर्षांची मुलगी होय. मालकीण मुमताजच्या हिशेबवहीतील तिचे कर्ज फिटता फिटत नाही. सोबतीण शहाना तिला त्या घराची रीत समजावून देते. हा आधार खराच; परंतु त्यानेच कैद सुसह्य होत जाते, ही मैत्रीची दुखरी बाजूही येथे जाणवते. पुष्पाचा मुलगा हरीश तिला अक्षरे शिकवितो, त्याची नोंद मात्र कोणत्याच वहीत नाही. अखेर सुटकेसाठी अमेरिकन माणूस यावा, हे उपरे वाटते. तथापि लक्ष्मी त्याला आपले नाव, देश व वय सांगते, ते हरीशकडून शिकलेल्या इंग्रजीतच.