बिनहिशेबी तह

‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये गिल्नियसचं राज्य परत मिळालं. इतक्या सहज मिळालं की तिथली लांडगा-माणसं, म्हणजे वॉर्गन, खेळणाऱ्याने हसावं की रडावं तेच कळेना. २०१० च्या ‘कॅटॅक्लिझम’ या विस्तारात मेलेल्यांतून उठलेल्या फोरसेकनांनी ते गिळलं. त्यांची राणी सिल्व्हानस हिने गिल्नियसचा राजा गेन ग्रेमेनवर सोडलेला बाण मध्ये पडून त्याच्या मुलाने, लियमने, अंगावर घेतला. त्या एका बाणावर या खेळाने तेरा वर्षं वैर पोसलं. ‘लीजन’मध्ये जग बुडायला आलेलं असताना गेन स्टॉर्महाइममध्ये सिल्व्हानसच्याच मागे लागला होता, आणि ते पटत होतं. बापाला दुसरं सुचणार काय? मग २०२४ च्या सुरुवातीला शहर सोडवायची क्वेस्ट आली. तिथे ठाण मांडून बसलेला शत्रू कोण, तर स्कार्लेट क्रुसेड! दोन्ही बाजूंनी बिनदिक्कत झोडपावेत असे धर्मवेडे. ज्यांनी शहर घेतलं होतं ते फोरसेकन मदतीला हजर. एका बैठकीत सगळं उरकलं, गेनने राज्य मुलीच्या, टेसच्या, हवाली केलं आणि विषय मिटला.

आपल्याकडे बांधावरून पेटलेली भाऊबंदकीसुद्धा याहून जास्त वेळ घेते.

हा एकट्या गिल्नियसचा प्रश्न असता तर मी लिहायला बसलो नसतो. फोरसेकनांचा होर्ड आणि वॉर्गनांचा अलायन्स हे दोन वैरी गट म्हणजे या खेळाचे दोन खांब, आणि गेल्या काही वर्षांत लेखकांना त्यांचं नेमकं काय करायचं हेच उमगेनासं झालंय. एकदा त्यांनी होर्डचा प्रमुख गॅरॉशला राक्षस केलं, अलायन्सचं थेरामोर त्याच्या हातून बेचिराख करवलं आणि शेवटी त्याच्या राजधानीला, ऑर्ग्रिमारला, वेढा घातला. पाचच वर्षांनी, २०१८ मध्ये, तोच साचा सिल्व्हानसला लावला. तिने पेटवलेलं नाइट एल्फांचं टेलड्रासिल जळत असताना अलायन्सच्या खेळाडूच्या हाती मोजकी मिनिटं दिली होती. शेकडो नागरिक वाचवायचे, धुरात एकेकाला शोधून बाहेर धाडायचं, आणि कितीही धावलात तरी आकडा पुरा होत नाही. असं हरायला लावणारं लेखन मी या खेळात क्वचितच पाहिलंय. त्याच वेळी होर्डचा खेळाडू काय करत होता? ज्या मोहिमेचा शेवट त्याला कुणी विचारला नव्हता, तिच्यात तो मुकाट्याने चालत होता. नंतर होर्डचा जुना योद्धा सॉरफँगच्या तोंडून त्याला पश्चात्तापही आयता मिळाला.

दुसऱ्या खेळांकडे बोट दाखवणाऱ्यांसाठी थोडक्यात: ‘फायनल फँटसी १४’ची कथा गोड आहे, पण तिथे गट म्हणजे गणवेश. ‘एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन’ने २०१६ मध्ये सगळ्या सीमा उघडल्या आणि तीन आघाड्यांचं युद्ध सिरोडिल या एका प्रदेशात कोंडून ठेवलं. ‘ईव्ह ऑनलाइन’मधलं राजकारण थोर आहे, पण ते खेळाडूंनी घडवलंय, लेखकांनी नव्हे.

आणि वॉरक्राफ्टच्या लेखकांना गटांची गोष्ट लिहिणं जमत नाही असंही नाही. ‘लीजन’मधलं सुरामार शहर आठवा. ‘मना’ या जादुई ऊर्जेच्या भुकेने खंगलेले नाइटबोर्न एल्फ, वेशीबाहेर हाकललेला माणूस हळूहळू ‘विदर्ड’ होत जाणं, ओळखीचं कुणीतरी एक दिवस हाक मारूनही ओळख न देणं. त्यांची पुढारी थालिस्रा स्वतः त्या भुकेत अर्धमेली होऊन बाहेर पडलेली, आणि तिच्यासाठी मना गोळा करत फिरणारे आपण. रोज थोडी मना आणायची, कुणाला द्यायची आणि कुणाला थांबवायचं हे ठरवायचं. भुकेचं राजकारण खेळाडूच्या रोजच्या कामात उतरवलेलं. पुढे हे नाइटबोर्न कुठल्या बाजूला जाणार हा प्रश्न आला, तेव्हा लेखकांनी आकाशातून राक्षस पाडला नाही. नाइट एल्फांच्या टायरांडेला थालिस्राचा भरवसा वाटेना, तिचं बोलणं टोचरं झालं. उलट ब्लड एल्फांची लियाड्रिन स्वतःच्या लोकांची सनवेल या जादूच्या झऱ्याची भूक ओळखून होती, तिने हात पुढे केला. एका टोचऱ्या शब्दाने एक अख्खी जमात होर्डमध्ये गेली. तिथे कुणी खलनायक नव्हता, होता तो टायरांडेचा जुना स्वभाव आणि दहा हजार वर्षांची अढी. फॅक्शन असं लिहायचं असतं.

हे ज्यांना जमलं त्याच खेळाने पुढे ‘शॅडोलँड्स’मध्ये टेलड्रासिलच्या आगीचा धनी जेलर या खलनायकाला ठरवलं, आणि सिल्व्हानसचा आत्मा फ्रॉस्टमोर्न तलवारीने दुभंगला होता, हरवलेला तुकडा मिळाल्यावर तिला खरी जाणीव झाली, असं सांगितलं. इथे माझा तोल जातो. महाभारतात अश्वत्थामा रात्री छावणीत शिरून झोपलेल्यांना मारतो. बापाच्या मृत्यूचा राग त्याला आहे, कारण त्याला आहे, पण आत्म्याचा तुकडा हरवल्याची सबब कुणी त्याला दिली नाही. मणी काढून घेतला, जखम वाहती ठेवली, आणि आपल्या लोककथांत तो अजून तेल मागत फिरतो. सिल्व्हानसलाही शिक्षा आहे, मॉ या नरकात अडकलेले आत्मे शोधत भटकायची. ती शिक्षा भारी ठरली असती. पण गुन्हा आधीच अर्धा माफ करून ठेवलाय, मग शिक्षेला वजन कुठून येणार?

‘९.२.५’ या पॅचने दोन्ही बाजूंच्या मित्रांना एकत्र डंजन करू दिलं ते चांगलंच झालं. मित्राने दुसरं कॅरेक्टर वाढवत का बसावं? पण हा नियम म्हणजे कथेला दिलेली सुट्टी, असं लेखकांनी धरून टाकलं. खेळाडूंची सोय वेगळी, राष्ट्रांची दिलजमाई वेगळी. दिलजमाईला अटी लागतात, नुकसानभरपाई लागते, कुणीतरी अपमान गिळावा लागतो. यातलं काहीच खेळात दिसत नाही. जे थोडंफार आहे ते कादंबऱ्यांत. आराथीत फोरसेकन आपल्या जिवंत नातलगांना भेटायला गेले आणि सिल्व्हानसने तो मेळावा उधळला, हा प्रसंग ‘बिफोर द स्टॉर्म’मध्ये वाचायचा, मग खेळायचं काय? फोरसेकन खेळणाऱ्यांपैकी ज्याने ते पुस्तक घेतलं नाही, त्याला आपल्याच लोकांचं सर्वांत मोठं दुःख ठाऊक नाही.

अलायन्सही धुतल्या तांदळासारखा नाही, हेही लेखक विसरलेत. २०१२ मध्ये अलायन्सच्या जेनाने दलारान शहरातून सनरीव्हर ब्लड एल्फांना हुसकावलं. काही कैदेत गेले, काही रस्त्यात मेले. आता ‘मिडनाइट’ या विस्तारात ब्लड एल्फांचं सिल्व्हरमून अलायन्सच्या खेळाडूंनाही खुलं होतंय. लेखकांना माझं एकच सांगणं. तिथे अलायन्सचा सैनिक पहिल्यांदा पाऊल टाकेल तेव्हा एखाद्या सनरीव्हर विधवेने त्याला दलारानबद्दल विचारावं. उत्तर काय द्यायचं ते खेळाडूवर सोडा. पण तिचा प्रश्न लिहा, आणि तो कादंबरीत नको, क्वेस्टमध्ये लिहा.