डावा रकाना, उजवा रकाना

ॲपल टू या जुन्या घरगुती संगणकावर एखादी फाइल पुसली, की पडद्यावर नाट्यमय असं काहीच घडत नसे. डिस्क ड्राइव्ह जरा घरघरायचा, मग कर्सर पुन्हा लुकलुकू लागायचा. फायलींची यादी मागवली, तर त्या फाइलचं नाव यादीत नसायचं. माणूस समजायचा, गेली. खरं तर तिच्या मजकुरातलं एक अक्षरही जागचं हललेलं नसे.

हे कसं, ते आधी पाहू. १९८० साली आलेल्या डॉस ३.३ या प्रणालीत सव्वापाच इंची फ्लॉपीची एक बाजू ३५ वर्तुळाकार पट्ट्यांमध्ये, म्हणजे ट्रॅकमध्ये वाटलेली असे. प्रत्येक ट्रॅकचे १६ सेक्टर, प्रत्येक सेक्टरमध्ये २५६ बाइट. गुणाकार केला तर एकूण १,४३,३६० बाइट होतात. तुमच्या फोनने काढलेला एक साधा फोटोही यात मावायचा नाही. सतराव्या ट्रॅकवर फायलींची यादी असे. यादीतल्या प्रत्येक नोंदीला ३५ बाइट, आणि त्यांतला पहिलाच बाइट सांगे की या फाइलचा पत्ता कोणत्या ट्रॅकवर शोधायचा. फाइल पुसायची म्हणजे या पहिल्या बाइटच्या जागी २५५ हा आकडा लिहायचा आणि फाइलने अडवलेले सेक्टर ‘मोकळे’ म्हणून नोंदवायचे. तो मूळ ट्रॅक क्रमांकही फेकला जात नसे. फाइलच्या नावासाठी राखलेल्या तीस जागांपैकी शेवटच्या जागेत तो ठेवून दिला जाई. नाव यादीतून गायब, पण त्या नावाच्याच शेपटीला घराचा पत्ता बांधलेला.

हे सगळं डोळ्यांनी पाहता येत होतं, आणि ते दाखवणारी साधनं हा या लेखाचा विषय आहे. डॉन वर्थ आणि पीटर लेक्नर या दोघांनी १९८१ मध्ये ‘बिनीथ ॲपल डॉस’ नावाचं पुस्तक लिहिलं. डिस्कवर काय कुठे आणि का असतं, हे सांगणारं. त्याच्या परिशिष्टात ‘झॅप’ नावाचा एक छोटा प्रोग्रॅम छापलेला होता. वाचकाने तो स्वतः टाइप करून घ्यायचा. हवा तो सेक्टर डिस्कवरून उचलून मेमरीत आणायचा, तिथे तो पाहायचा, वाटलं तर बदलायचा आणि परत डिस्कवर लिहायचा, एवढंच त्याचं काम. पुढच्या वर्षी याच जोडीने ‘बॅग ऑफ ट्रिक्स’ हा चार प्रोग्रॅमचा संच काढला. त्यात झॅपची मोठी, सुधारलेली आवृत्ती होती, आणि बिघडलेली यादी दुरुस्त करणारा ‘फिक्सकॅट’ही.

साहित्याच्या अंकात हे कशासाठी, असं तुम्ही विचाराल. माझं म्हणणं असं, की झॅप आणि त्याची भावंडं ही वाचनाची साधनं आहेत. म्हणून एखाद्या वाचनपद्धतीची चिकित्सा करावी तशी त्यांचीही करता येते. ती काय दाखवतात, काय लपवतात, आणि वाचणाऱ्याला कोणती खोड लावतात?

मेमरी पाहण्याची सोय तर ॲपल टूमध्ये मुळातच होती. बेसिकमध्ये ‘कॉल’ आणि त्यापुढे उणे १५१ एवढं टाइप केलं, की एक तारांकित चिन्ह येई. हा मॉनिटर. पत्ता द्या, तो तिथले बाइट दाखवतो. एका ओळीत आठ, सगळे सोळाच्या पायाच्या आकड्यांत. या मूळ मॉनिटरमध्ये अक्षरांचा रकानाच नव्हता. नंतरच्या बहुतेक साधनांत जी मांडणी रूढ झाली, म्हणजे डावीकडे आकडे आणि उजवीकडे त्यांची अक्षरं, त्यातली डावी बाजू तेवढी इथे मिळे. उजवा रकाना वाचणाऱ्याने आपल्या डोक्यात तयार करायचा.

आणि तो सरळ तयार होत नसे. डिस्क सुरू होताना जो प्रोग्रॅम आपोआप चाले, त्याचं नाव बहुधा ‘हॅलो’ असे. यादीच्या सेक्टरमध्ये हे नाव ‘सी८ सी५ सीसी सीसी सीएफ’ असं दिसतं. जगभर रूढ असलेल्या आस्की तक्त्याप्रमाणे ते ‘४८ ४५ ४सी ४सी ४एफ’ असायला हवं. ॲपल टूवर पडद्यावरच्या साध्या अक्षराचा सर्वांत वरचा बिट चढवलेला असे, म्हणून प्रत्येक आकडा १२८ ने मोठा. आज तुम्ही या डिस्कची प्रत एखाद्या साध्या हेक्स व्ह्यूअरमध्ये उघडलीत, तर त्याचा उजवा रकाना आस्कीबाहेरचा बाइट आला की एक टिंब टाकून मोकळा होतो. चाळीसेक वर्षांपूर्वीची डिस्क तुम्हाला ‘हॅलो’ म्हणते आणि तुम्हाला पाच टिंबं ऐकू येतात.

इथे पहिला धडा मिळतो. डावा रकाना ही वस्तुस्थिती आहे आणि उजवा रकाना हा अर्थ आहे. अर्थ लावायला आधी कुणीतरी कुणाशी तरी करार केलेला असावा लागतो. करार बदलला की तोच बाइट मुका होतो. टिंब म्हणजे ‘इथे काही नाही’ असं नव्हे. टिंब म्हणजे ‘मला ही भाषा येत नाही’. पण पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात, आणि घाईतला वाचक पहिलाच अर्थ घेतो. या साधनांचा मोठा दोष मला हाच वाटतो. आपलं अज्ञान ती रिकामपणासारखं दाखवतात.

आता या साधनांनी केलेल्या एका गाजलेल्या वाचनाकडे वळू. १९८० साली रॉबर्टा आणि केन विल्यम्स या दांपत्याने ॲपल टूसाठी ‘मिस्टरी हाउस’ हा खेळ काढला. एक व्हिक्टोरियन वाडा, एकामागून एक पडणारे मुडदे, आणि दोन शब्दांच्या आज्ञा टाइप करत फिरणारा खेळाडू. घरगुती संगणकावरच्या शब्दांच्या साहसखेळांत चित्रं आली ती इथून. चित्रं सत्तर. आता हिशेब करा. ॲपल टूच्या ठळक रेखाटनाचा एक पूर्ण पडदा मेमरीत ८,१९२ बाइट घेतो. अशी चित्रं जशीच्या तशी साठवली, तर अख्ख्या फ्लॉपीवर सतराच मावतील. मग सत्तर कशी बसली? चित्रं म्हणून ठेवलीच नाहीत. कोणत्या बिंदूपासून कोणत्या बिंदूपर्यंत रेघ ओढायची, एवढेच आकडे ठेवले. त्या वाड्याच्या भिंती काड्यांसारख्या का दिसतात, माणसं लहान मुलांच्या चित्रातल्यासारखी का, याचं बरंचसं उत्तर या आकड्यांत आहे. इथे शैली अडचणीतून जन्मली आहे, आणि ते सेक्टर उघडून पाहिल्यावर जेवढं नीट कळतं तेवढं नुसतं खेळून कळत नाही.

मॅथ्यू किर्शेनबॉम या अमेरिकी अभ्यासकाने २००८ च्या ‘मेकॅनिझम्स’ या पुस्तकात याच खेळाच्या डिस्क-प्रतीचं बाइट-बाइट वाचन केलं. जालावरच्या संग्रहातून मिळालेल्या त्या प्रतीत त्याला मिस्टरी हाउसच्या जोडीला आणखी दोन खेळांचे अवशेष सापडले. कुणीतरी कधीतरी पुसलेले, पण पूर्ण न झाकले गेलेले. डिजिटल मजकूर म्हणजे हवेतली, वजन नसलेली गोष्ट, हा समज तोडायला हा पुरावा चोख होता. प्रत्येक प्रतीला शरीर असतं आणि शरीरावर व्रण असतात, हे किर्शेनबॉमने दाखवून दिलं. डिजिटल साहित्यावर लिहिणाऱ्या कुणालाही हे पुस्तक टाळून पुढे जाता येऊ नये.

मात्र या वाचनाची जी मोहिनी आहे, तिच्याबद्दल मला सावध राहावंसं वाटतं. खाली गेलं की जास्त खरं सापडतं, अशी एक समजूत त्यातून पसरते. त्या दोन खेळांचे अवशेष मिस्टरी हाउसबद्दल काही सांगत नाहीत. रॉबर्टा विल्यम्सच्या वाड्यात त्यांच्यासाठी खोली नाही. ते सांगतात त्या फ्लॉपीच्या कुण्या मालकाबद्दल, ज्याने जुनी डिस्क पुन्हा वापरली. आपल्याकडे पाठचिकित्सेत हा भेद फार पूर्वीपासून जपला गेला आहे. पोथीच्या समासात कुणी काही टिपलं, तर ते त्या पोथीच्या चरित्राचा भाग असतं, ग्रंथाचा नव्हे. ती टीप पुढच्या नकलाकाराने मजकुरात घेतली, तर ती हुडकून बाजूला काढायची असते. सेक्टर वाचणाऱ्यालाही हेच करावं लागतं. बाइट सापडला, ठीक. पण तो हात कुणाचा? साधन याचं उत्तर देत नाही. त्याच्या दृष्टीने सगळे बाइट सारखेच.

तिसरी गोष्ट धोक्याची आहे. झॅप वाचतो तसा लिहितोही. पाहणं आणि बदलणं यांत एखाद्या कळीचंच अंतर. सतराव्या ट्रॅकवर एक आकडा चुकला, तर फायली जागच्या जागी असूनही यादी त्यांना ओळखणार नाही. त्याच संचात फिक्सकॅट असणं हा योगायोग नसावा. हत्यार देणाऱ्यांना जखमांचीही कल्पना होती. यातला प्रामाणिकपणा मला आवडतो. पुस्तकाने वाचकाला मोठं माणूस समजून वागवलं: हे तुझं यंत्र आहे, हे आत असं आहे, बिघडलं तर ते तुझ्याकडून बिघडेल.

तुमच्या हातातला फोन असं बोलत नाही. तो फायली कुठे ठेवतो हे सहसा सांगत नाही, आणि आजच्या बहुतेक फोनमधली साठवण कूटबद्ध असते. किल्ली गेली की बाइट शिल्लक असूनही वाचता येत नाहीत. यात तुमचं भलंही आहे, चोरलेल्या फोनमधली तुमची पत्रं कुणी वाचू नयेत. पण पुसलेलं शोधण्याची आणि चुकलेलं आतून समजून घेण्याची सवय त्यात मोडली, हेही खरं.

ती सवय मराठी वाचकाला का हवी, ते आता सांगतो. तुमच्या फोनवर ‘आई’ हा शब्द साठवला जातो तो सहा बाइटमध्ये: ई० ए४ ८६, ई० ए४ ८८. युनिकोडची यूटीएफ-८ मांडणी माहीत असलेल्या साधनाला त्यात आई दिसते. माहीत नसलेल्या साधनाला डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ‘ए’ पुन्हा पुन्हा दिसतो. तसला कचरा तुम्ही कधी ना कधी पाहिलाच असेल. पण इथे निदान करार जागतिक आहे आणि छापलेला आहे. त्याआधीचं काय?

युनिकोड रुळण्याआधीच्या काळात मराठीतले असंख्य दिवाळी अंक, पुस्तकं, वर्तमानपत्रं श्री-लिपीसारख्या सॉफ्टवेअरच्या फॉन्टमध्ये जुळवली गेली. त्या फायलींत ‘क’ नावाचं अक्षर नसतं. असतो एक आकडा, आणि त्या आकड्यावर फॉन्टने ‘क’चा किंवा त्याच्या तुकड्याचा आकार काढून ठेवलेला असतो. फॉन्ट बदलला की आकडे तेच, आकार वेगळे. शिवाय क्रम डोळ्यांचा. ‘किती’मधली पहिली वेलांटी ‘क’च्या आधी दिसते, म्हणून ती आधी साठवली जाते. युनिकोडमध्ये ती उच्चाराप्रमाणे ‘क’च्या नंतर येते. रफारही तसाच. ‘मार्ग’मधला ‘र’ उच्चारात ‘ग’च्या आधी, पण कागदावर ‘ग’च्या डोक्यावर, म्हणून जुन्या फाइलमध्ये नंतर.

अशी फाइल आज युनिकोडमध्ये आणताना आकड्यामागे अक्षर बसवलं आणि क्रम मात्र हलवला नाही, तर ‘मार्ग’चा ‘मागर्’ होतो आणि ‘किती’ची वेलांटी एका टिंबाटिंबांच्या वर्तुळावर लटकते. जालावरच्या जुन्या मराठी मजकुरात हे ‘मागर्’ तुम्ही वाचले असतील आणि मुद्रितशोधक झोपला होता असं म्हटलं असेल. तो झोपला नव्हता. छापील अंकात शब्द बरोबर होता. चूक उजव्या रकान्याची आहे, डाव्या रकान्यात सगळं शाबूत आहे.

मग प्रश्न टीकेच्या पोटात येतो. एखाद्या कवीची १९९५ ची कविता आपण आज ई-पुस्तकात वाचतो तेव्हा कोणता पाठ वाचतो? ‘मागर्’ डोळ्यांत खुपतो, म्हणून पकडला जातो. पण एखादं जोडाक्षर बदलून दुसराच अर्थपूर्ण शब्द तयार झाला, तर कोण पकडणार? मूळ फाइल, तिचा फॉन्ट आणि कोणता आकडा म्हणजे कोणता आकार याचा तक्ता, हे तिन्ही जपलं तरच तपासता येईल. फ्लॉपी एकटी पुरणार नाही. पुस्तकाच्या प्रती आपण ग्रंथालयात ठेवतो, पण या तक्त्यांकडे कुणी साहित्याचा भाग म्हणून पाहत नाही.

वर्थ आणि लेक्नरना मराठी फॉन्टशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांच्या झॅपला ‘हॅलो’पलीकडची लिपी दिसलीही नसती. पण पडद्यावर दिसतं तो मजकुराचा फक्त वरचा मजला, खाली उतरायचा जिना आहे आणि तो वाचकासाठी खुला असावा, ही त्यांची धारणा मला अजून कामाची वाटते. फोनवर फुकट हेक्स व्ह्यूअर मिळतात. एकदा आपलंच नाव एका साध्या फाइलमध्ये लिहून ती त्यात उघडा. बहुतेक नावाच्या जागी टिंबं दिसतील. त्यांच्या डावीकडे पाहा.