जुन्या मोबाईल वायरलेस संचांचे हौशी रिपीटरमध्ये रूपांतर : सिंदेवाही परिसराच्या संदर्भात एक चिकित्सा

‘मोबाईल’ या शब्दाने आज मराठी वाचकाच्या मनात खिशातला दूरध्वनीच उभा राहतो. वायरलेसच्या क्षेत्रात मात्र या शब्दाचा अर्थ वेगळा आहे. जीप, ट्रक किंवा टॅक्सीच्या डॅशबोर्डखाली बसवलेला, बटण दाबून बोलण्याचा व बटण सोडून ऐकण्याचा दुतर्फी रेडिओसंच म्हणजे मोबाईल संच. पोलीस, वनविभाग, खाणी व वाहतूक कंपन्या असे संच वर्षानुवर्षे वापरतात आणि कालांतराने मोडीत काढतात. या मोडीतून हौशी रेडिओचालकांनी, म्हणजे ‘हॅम’ मंडळींनी, रिपीटर उभारण्याची परंपरा अर्धशतकाहून जुनी आहे. जनरल इलेक्ट्रिकचा ‘मास्टर टू’, मोटोरोलाचे ‘मायकॉर’ आणि ‘मिट्रेक’, त्यानंतरचे ‘मॅक्सट्रॅक’ व ‘जीएम ३००’ या संचांच्या रूपांतरावर विपुल लेखन झाले आहे. हे लेखन मुख्यतः अमेरिकन हौशी तंत्रज्ञांचे आहे. प्रस्तुत लेखात या लेखनाची चिकित्सा केली असून, सिंदेवाहीसारख्या जंगलवेढ्या तालुक्यात ते कितपत उपयोगी पडते हा तिचा निकष आहे.

या लेखनाचे सामर्थ्य प्रथम मान्य केले पाहिजे. रिपीटर एका वारंवारतेवर ऐकतो आणि तेच बोलणे त्याच क्षणी दुसऱ्या वारंवारतेवर मोठ्या शक्तीने पुन्हा प्रक्षेपित करतो. त्यामुळे उंच जागी ठेवलेला एक रिपीटर हातातल्या ५ वॅटच्या छोट्या संचाचा पल्ला अनेक पटींनी वाढवतो. दोन मोबाईल संच घेऊन एकाला ग्राहकाचे व दुसऱ्याला प्रक्षेपकाचे काम द्यावयाचे, पहिल्याचा आवाज दुसऱ्याच्या ध्वनिक्षेपकाच्या मार्गात सोडावयाचा आणि पहिल्याचे स्क्वेल्च उघडताच दुसऱ्याचे बोलण्याचे बटण विद्युतमंडलाने दाबावयाचे, एवढीच मूळ कल्पना आहे. ‘जीएम ३००’च्या मागील १६ पिनांच्या जोडणीतून हे सर्व संकेत संच न उघडता मिळतात. आवाजाची पातळी कशी जुळवावी, बोलणे लांबल्यास प्रक्षेपण तोडणारा समयनियंत्रक कसा लावावा, याचे विवेचन या लेखनात इतके स्वच्छ आहे की पदवीच्या विद्यार्थ्याने ते वाचून एका सत्रात मंडल उभे करावे. इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रात्यक्षिकांसाठी एवढे स्वस्त आणि बोलके साधन विरळाच.

उणीव सुरू होते ती पेटीच्या बाहेर. मोबाईल संच ऐकतो तेव्हा बोलत नाही आणि बोलतो तेव्हा ऐकत नाही, या गृहीतावर त्याची सारी रचना बेतलेली असते. रिपीटर हे गृहीतच मोडतो. प्रक्षेपक २५ वॅट ओतत असताना शेजारच्या ग्राहकाने ०.२५ मायक्रोव्होल्टचा क्षीण संकेत ऐकावा, अशी अपेक्षा असते. या दोन शक्तींतील अंतर सुमारे १६३ डेसिबलचे आहे. साध्या भाषेत, २ च्या पुढे १६ शून्ये इतक्या पटींचे. हे अंतर पेलण्याचे काम डुप्लेक्सर नावाच्या गाळणीकडे असते आणि रूपांतराच्या बहुतेक लेखांत ही गाळणी एका वाक्यात उरकली जाते : मोबाईल संचांसाठी मिळणारा छोटा डुप्लेक्सर घ्यावा.

अमेरिकेत हा सल्ला चालून जातो, कारण तेथे ४४० ते ४५० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात ग्रहण व प्रक्षेपण यांत ५ मेगाहर्ट्झचे अंतर ठेवता येते आणि छोटे डुप्लेक्सर साधारण तेवढ्याच अंतरासाठी बनलेले असतात. भारतात हौशी सेवेला मिळालेला पट्टा ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ, म्हणजे अवघा ४ मेगाहर्ट्झ रुंदीचा आहे. त्यात ५ मेगाहर्ट्झचे अंतर बसणार कोठे? दोन मीटरच्या पट्ट्यात, १४४ ते १४६ मेगाहर्ट्झमध्ये, परिस्थिती आणखी कठीण आहे. तेथील रूढ अंतर ६०० किलोहर्ट्झ आहे. त्यासाठी सुमारे अर्धा मीटर उंचीच्या, बहुधा सहा, धातूच्या पोकळ नळकांड्यांचा संच लागतो. तो किमतीने दोन्ही जुन्या संचांहून कितीतरी महाग पडतो. शिवाय त्यात १.५ डेसिबल हानी धरली तरी सुमारे ३० टक्के शक्ती वाटेतच जाते. ‘स्वस्त रिपीटर’ हे शीर्षक येथे टिकत नाही. ज्यांनी हा सल्ला लिहिला त्यांचा दोष एवढाच की आपला पट्टा सर्व जगाचा पट्टा आहे असे त्यांनी मानले. आणि ज्यांनी तो इकडे जसाच्या तसा उतरवला त्यांचा दोष त्याहून मोठा.

याला पर्याय आहे, आणि तो भारतीय अनुभवातच सापडतो. ५ मे २००५ रोजी श्रीहरिकोटा येथून पीएसएलव्ही-सी६ ने सोडलेल्या ‘हॅमसॅट’ या उपग्रहाने २०१४ पर्यंत हौशी चालकांची सेवा केली. तो ४३५ मेगाहर्ट्झच्या आसपास ऐके आणि १४५ मेगाहर्ट्झच्या आसपास बोले. दोन निरनिराळे पट्टे वापरल्याने अवजड नळकांड्यांची गरज उरत नाही. जमिनीवरही एक व्हीएचएफ व एक यूएचएफ संच, दोन स्वतंत्र अँटेना आणि साध्या गाळण्या एवढ्यावर भागते. मात्र १४५ ची तिप्पट ४३५ होते, हे विसरून चालणार नाही. व्हीएचएफवर बोलणाऱ्या प्रक्षेपकाची तिसरी संनादी लहर थेट यूएचएफ ग्राहकाच्या कानात शिरू शकते. म्हणून जंगलात दिशा उलटी ठेवणे श्रेयस्कर ठरेल : ग्रहण व्हीएचएफवर, प्रक्षेपण यूएचएफवर. झाडोऱ्यात व्हीएचएफ लहरी तुलनेने कमी शोषल्या जातात. आणि साखळीतला सर्वांत दुबळा दुवा हातातल्या संचाचा असल्याने त्यालाच ही सवलत मिळावी. रिपीटरकडील यूएचएफची हानी अधिक शक्तीने भरून काढता येते.

शक्ती वाढवण्यालाही मर्यादा आहे. मोबाईल संच थांबून थांबून बोलण्यासाठी बनलेला असतो. सतत प्रक्षेपणात त्याची उष्णता बाहेर पडत नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील उन्हाळ्यात, पत्र्याच्या पेटीत, २५ वॅटचा संच १० वॅटवर उतरवून पंखा लावल्याखेरीज तगणार नाही. याहून दुर्लक्षित बाब म्हणजे नुसत्या ऐकण्याचा खर्च. हे संच गाडीच्या बॅटरीवर चालत, आणि ती इंजिन सुरू असताना भरत राही. म्हणून काटकसरीचा विचार त्यांच्या रचनेत नव्हता. प्रत्येक संच स्वस्थ असताना ०.४ अँपिअर घेतो असे धरल्यास दोन्ही मिळून दिवसाला सुमारे १९ अँपिअर-तास लागतात. दोन तासांच्या प्रक्षेपणाचे ८ मिळवले की २७ झाले. श्रावणात चार दिवस ऊन पडले नाही आणि शिसे-आम्ल बॅटरी निम्म्याहून अधिक उतरू द्यावयाची नसेल, तर २१६ अँपिअर-तासांची बॅटरी हवी. संच मोडीच्या भावात आणि बॅटरी नव्या भावात, असा हा व्यवहार आहे.

जागेचा प्रश्न तर या लेखनात उद्भवतच नाही. तेथे डोंगरमाथ्यावर आधीच मनोरा असतो. भूमितीने पाहिल्यास ३० मीटर उंचीची अँटेना व माणसाच्या हातातला संच यांतील पल्ला सुमारे २८ किलोमीटर येतो. गडचिरोली शहर सिंदेवाहीपासून सरळ रेषेत साधारण ३५ किलोमीटरवर आहे. भामरागड तर शंभराहून अधिक किलोमीटर दूर. पल्ला वाढवायचा तर टेकडी गाठावी लागते, आणि ती वनजमीन असेल तर १९८० च्या वन संरक्षण अधिनियमाची परवानगी आली. संचाच्या मालकीचाही प्रश्न आहे. विनापरवाना वायरलेस संच बाळगण्यास १९३३ च्या कायद्याने बंदी घातली. २०२३ च्या दूरसंचार अधिनियमाने जुन्या कायद्यांची जागा घेतली तरी परवान्याचे तत्त्व कायम आहे. नक्षलग्रस्त म्हणून दीर्घकाळ ओळखल्या गेलेल्या भागात, कोणाचेही बोलणे पुढे पाठवणारे यंत्र माथ्यावर ठेवताना प्रशासनाने प्रश्न विचारणे स्वाभाविकच आहे. ‘भंगारातून उचला आणि जोडा’ हा सल्ला येथे गुन्ह्याचा सल्ला ठरू शकतो.

अशा प्रकल्पांच्या समर्थनार्थ आपत्तीचा दाखला हमखास दिला जातो. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत अंदमानातील हौशी चालकांनी मुख्य भूमीशी संपर्क राखला, हे खरे. परंतु तो संपर्क लघुलहरींवरचा होता. त्याचे श्रेय रिपीटरच्या पदरात घालणे योग्य नाही. रिपीटरचा उपयोग निराळा व अधिक स्थानिक आहे. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस गोसीखुर्दच्या विसर्गाने वैनगंगेला पूर आला आणि ब्रह्मपुरी तालुक्यातील गावे वेढली गेली. अशा वेळी गाव, होडी आणि तहसील यांच्यात काही किलोमीटरचा विश्वासार्ह दुवा हवा असतो. तो दुवा देण्यास परवानाधारक माणसेही हवीत. हौशी परवान्याची किमान वयोमर्यादा १२ वर्षे आहे आणि शैक्षणिक संस्थेला क्लबचे केंद्र काढता येते. तरी रूपांतराच्या लेखनात माणसे घडवण्यावर क्वचितच एखादा परिच्छेद आढळतो.

महाविद्यालयीन प्रकल्पाने म्हणून क्रम बदलावा. आधी परवाने, मग मोजमाप, मग यंत्र. मोजमाप एकाच ऋतूत करून भागणार नाही. या भागातला साग उन्हाळ्यात निष्पर्ण असतो. मे महिन्यात तळोधी किंवा मूलच्या रस्त्यावर जो संकेत स्पष्ट ऐकू येईल तो ऑगस्टमध्ये ओल्या पानोळ्यातून येईल की नाही, हे नकाशावरून ठरत नाही. त्याच जागी, त्याच संचाने, दोन्ही महिन्यांत घेतलेल्या नोंदी शेजारी ठेवल्या तरच अँटेनाची उंची आणि प्रक्षेपणाची शक्ती ठरवता येईल.