धक्का खाल्ला, पण पचला का?

शालेय विज्ञान प्रदर्शनात लढाऊ विमानाची प्रतिकृती हमखास असते. कुठे तेजस, कुठे सुखोई, एखाद्या हौशी शिक्षकाच्या शाळेचे स्पिटफायरसुद्धा. अलीकडे या प्रतिकृतींच्या पायांत जो बदल झाला आहे, त्याविषयी थोडे लिहायचे आहे. पूर्वी मुले पोलादी तार वाकवत आणि तिच्या टोकाला चाक बसवत. आता बाजारात ॲल्युमिनियमचे चकचकीत तयार पाय मिळतात. एका नळीत दुसरी नळी सरकते, आत स्प्रिंग असते, बाहेर खऱ्या विमानाला असते तशी कात्री. खोक्यावर ‘ओलिओ’ छापलेले असते आणि शेजारच्या तक्त्यावर विद्यार्थ्याने सुवाच्य अक्षरात लिहिलेले असते : ‘स्प्रिंगमुळे धक्का शोषला जातो.’ परीक्षक मान डोलावून पुढे जातात. आमचा आक्षेप या वाक्यावर आहे आणि त्या वाक्याच्या भरवशावर पाय निवडण्याच्या पद्धतीवरही आहे.

स्प्रिंग धक्का शोषत नाही. ती ऊर्जा उसनी घेते आणि जवळजवळ सगळी परत करते. उतरणाऱ्या विमानाची खाली येण्याची गतिज ऊर्जा स्प्रिंगमध्ये स्थितिज ऊर्जा म्हणून साठते आणि पुढच्याच क्षणी विमानाला वर फेकते. हे वर उडणेच धोक्याचे असते. वेग कमी झालेला, नाक वर झालेले, पंखांची उचल संपत आलेली. अशा स्थितीत दुसऱ्यांदा खाली येणारे विमान पहिल्यापेक्षा जोरात आदळते. स्प्रिंग शाबूत असूनही तेल गळालेल्या शॉकअपची मोटारसायकल खड्ड्यानंतर कितीदा डुलते, हे खेड्यापाड्यांतल्या रस्त्यांनी रोज शाळेत जाणाऱ्या शिक्षकांना सांगायला नको. धक्का पचवते ते तेल.

‘ओलिओ’ हा शब्दच मुळी तेलाच्या लॅटिन नावावरून आला आहे. खऱ्या ओलिओ पायात दाबलेला वायू आणि तेल असते. दट्ट्या आत सरकला की तेल एका बारीक छिद्रातून जोराने ढकलले जाते आणि ऊर्जेचा मोठा भाग उष्णता होऊन जातो. वायू पाय पुन्हा लांब करतो, पण सावकाश. ही युक्ती विमानांच्या आधी तोफांनी वापरली. फ्रान्सच्या १८९७ च्या ७५ मिलिमीटर तोफेची नळी बार उडाल्यावर मागे सरकून तेल आणि हवेच्या जोरावर जागेवर येत असे, त्यामुळे गाडा जागचा हलत नसे. म्हणजे खोक्यावर ‘ओलिओ’ लिहायचे आणि आत नुसती स्प्रिंग ठेवायची, हे दुधाची पिशवी म्हणून पाणी विकण्यासारखे आहे. काही महाग पायांत खरोखर तेल असते, पण शाळांपर्यंत येणारे बहुतेक पाय कोरडेच असतात.

आता थोडे गणित करू. नववीच्या विद्यार्थ्याला झेपेल इतकेच. प्रतिकृतीचे वस्तुमान ३ किलोग्रॅम आणि खाली येण्याचा वेग सेकंदाला १ मीटर धरा. पचवायची ऊर्जा दीड जूल झाली. पाय सरकायला १२ मिलिमीटर जागा आहे आणि वजन अजून पंखांनी तोललेले आहे असे माना. संपूर्ण अंतरभर सारखाच रोध देणारा आदर्श पाय असेल, तर १२५ न्यूटन बल पुरते. साध्या स्प्रिंगमध्ये बल शून्यापासून वाढत जाते, म्हणून शेवटी ते दुप्पट, २५० न्यूटन होते. हे प्रतिकृतीच्या वजनाच्या साडेआठपट झाले. अभियंते म्हणतात की स्प्रिंगची कार्यक्षमता निम्मी आणि चांगल्या ओलिओची ८० ते ९० टक्के, त्याचा अर्थ हाच. ८० टक्के धरले तर ओलिओ पायाला सुमारे १५६ न्यूटनवर भागते. उरलेला भार पंखाच्या मुळाशी जातो आणि बाल्सा लाकूड तिथेच फाटते.

खरी गफलत यापुढे आहे. धावपट्टीवर उभे असलेले खरे विमान पायांवर बरेच खाली बसलेले दिसते. प्रतिकृती तशीच दिसावी म्हणून मुले नरम स्प्रिंग निवडतात. आपल्या ३ किलोच्या विमानाने उभ्या उभ्या निम्मे, म्हणजे ६ मिलिमीटर खाली बसावे अशी स्प्रिंग घेतली, तर ती पूर्ण दबेपर्यंत सुमारे ०.३५ जूलच ऊर्जा घेते. दीड जूलपैकी उरलेली सगळी ऊर्जा धातूवर धातू आदळून संपते. ती पेलणारी स्प्रिंग हवी असेल, तर ती इतकी कडक लागते की उभे विमान दीड मिलिमीटरही खाली बसत नाही. दिसायला बरोबर ती कामाला चूक, कामाला बरोबर ती दिसायला चूक. खऱ्या ओलिओत हा पेच सुटतो, कारण वायू दाबत गेले की त्याचा रोध झपाट्याने वाढतो आणि शिवाय तेल आपला वाटा उचलते.

याची परीक्षा घ्यायला उपकरण लागत नाही. विमान हातात धरा, चाके टेबलाला नुसती टेकवा आणि एकदम सोडा. स्थिर स्थितीत निम्मी दबणारी स्प्रिंग अशा वेळी पूर्ण दबते, कारण अचानक टाकलेला भार दुप्पट दाब देतो. ‘टक्’ असा आवाज आला, तर तो पाय शोभेचा. पुढची परीक्षा पाच सेंटिमीटरवरून सोडण्याची. पाच सेंटिमीटर पडल्यावर वेग जवळजवळ सेकंदाला १ मीटर होतो. (इथे पंखांची उचल नसल्याने परीक्षा जरा कडकच आहे.) दट्ट्यावर दोऱ्याची सैल गाठ बांधून ठेवली की पाय किती सरकला ते गाठच सांगते. शेजारी मोजपट्टी उभी करून विमान किती वर उडाले तेही पाहावे. जितके कमी उडाले तितकी ऊर्जा पचली.

जिल्ह्यातल्या एका तालुका पातळीवरच्या प्रदर्शनात आम्ही एक प्रतिकृती पाहिली. आठवीतल्या मुलीने जाड तारेचा आस केला होता आणि तो सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी सांगाड्याला बांधला होता. तिचे विमान सोडले की धप्पकन बसायचे, उडायचे फारसे नाही. शेजारच्या टेबलावर तयार पायांचे विमान होते, ते चेंडूसारखे नाचत होते. बक्षीस नाचणाऱ्याला मिळाले. मुलीच्या कागदावर शेरा होता, ‘खऱ्यासारखे दिसत नाही.’ हा शेरा इतिहासालाही धरून नव्हता. पहिल्या महायुद्धातल्या सॉपविथ कॅमलसारख्या लढाऊ विमानांचा आस रबराच्या दोरांनीच बांधलेला असे. रबर ताणून सोडले की घेतलेली सगळी ऊर्जा परत देत नाही, काही भागाची उष्णता होते. त्या मुलीने हे वाचलेले नव्हते, पण करून पाहिले होते. आमच्या मते तिचे काम त्या दालनातले सर्वांत चांगले होते आणि गुणपत्रकात ‘चालते का?’ हा रकाना असता, तर ते इतरांनाही दिसले असते.

साधी तारही कमी लेखू नये. उतरताना तारेचे पाय फाकतात, चाके जमिनीवर आडवी घासतात आणि त्या घर्षणात बरीच ऊर्जा जाते. सेसनाच्या अनेक लहान विमानांचे पोलादी पाय याच तत्त्वावर चालतात. शिवाय आपली मैदाने मुरमाड किंवा गवताळ असतात. खडा लागला की चाक मागे ओढले जाते, सरळ नळीतला दट्ट्या तिरपा होऊन अडकतो आणि पाय सरकतच नाही. अशा जागी मागे झुलणाऱ्या आडव्या दांडीवर चाक असलेला पाय बरा. एफ-१८ च्या मुख्य चाकांना अशीच दांडी आहे.

हे सगळे प्रत्यक्ष दाखवायला अहिल्यानगरसारखा, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरसारखा जिल्हा शोधून सापडणार नाही. १९९४ मध्ये सुरू झालेल्या इथल्या रणगाडा संग्रहालयात पॅटन रणगाडा आहे. त्याच्या चाकांचा भार पीळ घेणाऱ्या पोलादी दांड्यांवर असतो आणि काही चाकांपाशी वेगळे धक्काशोषक बसवलेले असतात. स्प्रिंग कुठली आणि शोषक कुठला, हे बोट ठेवून सांगता येते. रणगाडा आणि विमानाचा पाय हे तसे भाऊबंदच. अर्जुन रणगाड्याची वायू-तेलाची झुलवण ज्या आवडीच्या प्रयोगशाळेने केली, तिनेच पुढे तापस या मानवरहित विमानाचे आत मिटणारे पाय तयार केले.

नगरच्याच वाहन संशोधन आणि विकास संस्थेचा निशांत या मानवरहित विमानाच्या देशी वांकेल इंजिनात वाटा होता. २००९ मध्ये निशांत त्या इंजिनावर उडाले. आणि गंमत अशी की निशांतला पायच नव्हते! ते गाडीवरच्या उडवणीतून सुटे आणि छत्रीने खाली येई, शेवटचा धक्का पोटाखालच्या हवेच्या पिशव्या घेत. पाय कोणते निवडायचे, याआधी पाय हवेत का, हा प्रश्नही वर्गात विचारायला हरकत नाही.

ज्यांना तेलाचा पाय स्वतः करून पाहायचा आहे, त्यांच्यासाठी एक गोष्ट. प्रतिकृती सहापट लहान केली की वजन सुमारे २१६ पट घटते, पण तेल अडवणाऱ्या सीलचे घर्षण त्याच्या परिघाच्या मानाने, सहापटच घटते. म्हणजे तुलनेने घर्षण ३६ पट वाढले. म्हणून लहान नळीत घट्ट सील बसवले की पाय दबतो आणि तिथेच राहतो. सील सैल ठेवून नळीत घट्ट ग्रीस भरले तर काम चालते, मात्र डिसेंबर-जानेवारीतल्या सकाळी ते गोठल्यासारखे होते आणि दुपारी पातळ पडते. प्रदर्शने नेमकी त्याच दिवसांत भरतात, तेव्हा पाच सेंटिमीटरची परीक्षा दोन्ही वेळा घ्यावी.