विदुर, धर्म आणि युधिष्ठिर : एका पितृत्वविषयक तर्काचे परीक्षण

इरावती कर्वे यांच्या ‘युगान्त’ (१९६७) या ग्रंथात एक प्रश्न उपस्थित केला आहे : युधिष्ठिर हा विदुराचा पुत्र होता काय? पुढच्याच वर्षी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेल्या या ग्रंथाबरोबर तो प्रश्नही मराठी वाचकांत दूरवर पसरला. आणि पसरताना त्याच्या अखेरीचे प्रश्नचिन्ह बहुधा गळून पडले. ‘युधिष्ठिर विदुराचाच मुलगा’ असे विधान आज महाभारताविषयीच्या संभाषणात सिद्ध गोष्टीसारखे केले जाते. हा तर्क खरा की खोटा याचा निवाडा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. तो कोणत्या जातीच्या पुराव्यावर उभा आहे आणि तो स्वीकारल्यास विदुर या व्यक्तिरेखेचे काय होते, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

पात्राचे मूळ झाकलेले दिसले की वाचक ते शोधू लागतो, ही प्रवृत्ती महाभारतापुरती मर्यादित नाही. जॉर्ज मार्टिन यांच्या अद्भुतकथामालेत जॉन स्नो या तरुणाचे आईबाप कोण, याचा तर्क वाचकांनी विखुरलेल्या सूचनांवरून फार पूर्वी बांधला होता. १९९६ ते २०११ या काळात निघालेल्या पाच खंडांत त्याचे उत्तर उघड सांगितलेले नसले, तरी कथेवर आधारलेल्या दूरदर्शनमालिकेने २०१६ व २०१७ साली त्या तर्काला दुजोरा दिला. याउलट टॉल्कीन यांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधील (१९५४–५५) टॉम बॉम्बॅडिल कोण, या प्रश्नाला उत्तरच नाही. अशा पुराणकल्प जगातही काही कोडी राहावीत आणि बॉम्बॅडिल हे त्यांपैकी एक, असे टॉल्कीन यांनी १९५४ सालच्या एका पत्रात स्वतःच नमूद केले होते. पहिल्या ठिकाणी गोष्ट लपविलेली आहे, दुसऱ्या ठिकाणी ती ठरविलेलीच नाही. लपविलेले शोधता येते. न ठरविलेले शोधू जाणारा मात्र स्वतःच काही निर्माण करीत असतो. तेव्हा युधिष्ठिराचा पिता या दोहोंपैकी कोणत्या वर्गात मोडतो, हा पहिला प्रश्न होय.

तर्काच्या बाजूचा पुरावा क्षुल्लक नाही. पांडूच्या आज्ञेवरून कुंतीने ज्या देवतेला प्रथम आवाहन केले ती धर्म. आदिपर्वातील मांडव्याच्या आख्यानानुसार हाच धर्म शाप भोगण्यासाठी दासीच्या पोटी विदुररूपाने जन्मला होता. नियोगासाठी पतीचा भाऊ हा योग्य पुरुष, आणि विदुर हा पांडूचा भाऊ. वारणावताला निघालेल्या युधिष्ठिराला विदुर इतरांना न उमजेल अशा वाणीत सावध करतो. तिचा उल्लेख पुढे म्लेच्छवाणी असा येतो. दोघांनाच कळणारी ही भाषा एका गाढ सलगीची साक्ष देते. पांडव वनात गेल्यावर कुंती तेरा वर्षे विदुराच्याच घरी राहते. शेवटी आश्रमवासिक पर्वात अरण्यात कृश झालेला विदुर झाडाला टेकून युधिष्ठिरावर दृष्टी स्थिर करतो आणि योगबळाने गात्रागात्रांतून त्याच्या देहात प्रवेश करतो. मरणासन्न पित्याने आपली वाणी, प्राण व इंद्रिये पुत्राच्या ठायी सोपविण्याचा विधी बृहदारण्यक व कौषीतकी या उपनिषदांत आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे या प्रसंगाचा अर्थ आपोआप पित्याकडे झुकतो.

पाठचिकित्सेच्या आधारेही या तर्काची वासलात लावता येत नाही. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली हाती घेऊन १९६६ साली पूर्ण केलेल्या चिकित्सक आवृत्तीने अनेक लोकप्रिय प्रसंग प्रक्षिप्त म्हणून तळटीपांत व परिशिष्टांत घातले. परंतु मांडव्याचा शाप, म्लेच्छवाणीचा उल्लेख आणि विदुराचा देहान्त हे तिन्ही स्वीकृत संहितेत कायम आहेत. तेव्हा दोष असलाच तर तो पुराव्यात नसून पुराव्यावरून निष्कर्षाकडे जाण्याच्या वाटेत असला पाहिजे.

ती वाट भाषेची आहे. तर्काचा गाभा तीन वाक्यांत सांगता येतो : युधिष्ठिर धर्माचा पुत्र आहे, विदुर हाच धर्म आहे, म्हणून युधिष्ठिर विदुराचा पुत्र आहे. एका नामाच्या जागी त्याच व्यक्तीचे दुसरे नाम घालण्याची ही क्रिया वरवर निर्दोष भासते. परंतु एकाच वस्तूची दोन नामे अर्थाने एक नसतात, हे फ्रेगे यांनी १८९२ साली पहाटतारा आणि सांजतारा यांच्या उदाहरणाने दाखविले. पुण्यातील उदाहरण घ्यावयाचे तर ते युगान्तकर्तीच्या घराण्यातच सापडते. इरावतीबाईंचे सासरे महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ साली स्थापिलेला आश्रम १९०० साली हिंगण्यास गेला. ते हिंगणे बुद्रुक आणि आजचे कर्वेनगर ही जागा एकच. तरीही १९०० सालच्या विधानात ‘हिंगणे’ काढून ‘कर्वेनगर’ घातले आणि त्या नावात साठविलेल्या गौरवावरून त्या वर्षीच्या घटनेविषयी अनुमान काढले, तर ते चुकेल. कारण तो गौरव पुढच्या काळाचा आहे. जागा एक असली तरी प्रत्येक नाम आपला काळ व आपला संदर्भ घेऊन येते. ‘धर्म’ आणि ‘विदुर’ या नामांचेही तसेच आहे. एक देवतांच्या व्यवस्थेतले, दुसरे कुरुकुलाच्या वंशावळीतले. ‘विदुर हाच धर्म’ या वाक्यातील ‘हाच’ या शब्दाने पहिल्या व्यवस्थेतील पितृत्व दुसऱ्या व्यवस्थेत वाहून नेता येते, हे तर्ककर्त्याने आधीच गृहीत धरलेले असते.

हे गृहीत महाभारत स्वतःच कसे डळमळीत करते ते पाहण्याजोगे आहे. विदुराच्या अंतानंतर व्यास जे स्पष्टीकरण देतो, त्यात धर्म, विदुर आणि युधिष्ठिर या तिघांचेही ऐक्य सांगितले आहे. हे ऐक्य शब्दशः घेतले तर विदुर युधिष्ठिराचा पिता ठरतो त्याच क्षणी तो स्वतः युधिष्ठिरही ठरतो. जो पुरावा पित्यालाच पुत्र करतो त्यातून वंशावळ निघू शकत नाही. आदिपर्वातील अंशावतरणाच्या यादीत तर विदुराचा संबंध अत्रीच्या पुत्राशी जोडला आहे, आणि युधिष्ठिराला धर्माचा केवळ पुत्र नव्हे तर अंश म्हटले आहे. अंश, अवतार व अपत्य या कल्पना महाभारतात एकमेकींत मिसळतात, त्यामुळे त्यांपैकी एकीवर आधुनिक अर्थाने जन्मनोंद उभी करता येत नाही. देहप्रवेशाच्या प्रसंगालाही दुसरी बाजू आहे. युधिष्ठिर विदुराला अग्नी देऊ पाहतो, तोच आकाशवाणी त्याला थांबविते. विदुराने यतिधर्म स्वीकारला होता हे तिचे कारण. पुत्राचे जे सर्वांत ठळक कर्तव्य, तेच येथे घडत नाही.

मग एवढ्या समर्थ विदुषीला हा प्रश्न का पडावा? इरावतीबाई मानववंशशास्त्रज्ञ होत्या आणि भारतातील आप्तसंबंधांच्या रचनेवरील त्यांचा ग्रंथ १९५३ सालीच प्रसिद्ध झाला होता. नियोग ही त्यांच्या दृष्टीने सामाजिक संस्था होती, आणि संस्थेत देव येत नाही, माणूस येतो. देवाच्या जागी माणूस शोधावयाचा हा नियम एकदा मान्य केला म्हणजे कोणीतरी माणूस सापडतोच. मात्र तो एकच सापडेल असे नाही. भैरप्पा यांच्या ‘पर्व’ (१९७९) या कन्नड कादंबरीत त्याच नियमाने पर्वतप्रदेशातील ‘देव’ नावाचे मनुष्यगण पुढे येतात; कर्णाच्या बाबतीत दुर्वासाचे नाव घेणारेही आहेत. नियम एक आणि उत्तरे अनेक अशी स्थिती असेल, तर ती उत्तरे संहितेने लपविलेली नसून संहितेने न ठरविलेली आहेत, असेच म्हणावे लागते.

तरीही या तर्काचे मोल नाकारणे अन्यायाचे होईल. धृतराष्ट्र, पांडू आणि विदुर हे तिघेही व्यासापासून नियोगाने जन्मले. जनक एकच, पण विदुराची माता दासी, एवढ्यावरून त्याला राज्याचा अधिकार मिळाला नाही. व्यासाचे जनकत्व कोणी झाकले नाही. मग विदुराचे असलेच तर ते का झाकले जावे, या प्रश्नाचे उत्तर त्याच्या दासीपुत्रत्वाकडेच जाते. कुरुकुलातील हे अंतर इतक्या तीव्रतेने दाखविणारे दुसरे विवेचन सहसा आढळत नाही. दासीच्या पुत्राचा पुत्र अखेर हस्तिनापूरच्या सिंहासनावर बसला, या कल्पनेत एक काव्यगत न्याय आहे आणि वाचकांना तिचे आकर्षण वाटते ते बहुधा यामुळेच.

परंतु या न्यायाची किंमत विदुराला मोजावी लागते. दुर्योधनाच्या जन्मकाळी अपशकुन झाले तेव्हा कुळाच्या रक्षणासाठी या मुलाचा त्याग करावा, असे विदुराने धृतराष्ट्राला सांगितले. युधिष्ठिर त्यापूर्वीच जन्मलेला होता. विदुर त्याचा पिता नसेल तर हा सल्ला कुलहितदक्ष मंत्र्याचा आहे. पिता असेल तर तो आपल्या मुलाच्या वाटेतील प्रतिस्पर्धी दूर करू पाहणाऱ्या माणसाचा ठरतो. द्यूतसभेतील त्याचा निषेध, वारणावतातील सावधगिरी, पांडवांना वाटा द्यावा म्हणून केलेले उपदेश, या सर्वांचा रंग त्याच क्षणी पालटतो. नि:पक्षपातीपणाच्या जागी पक्षपात येतो, तो कितीही क्षम्य असो. विदुर धर्म आहे म्हणून त्याला पिता ठरवावयाचे, आणि पिता ठरताच त्याचे धर्मत्व संपुष्टात यावे, असा हा विरोध आहे. रक्ताच्या नात्यावाचून कोणी कोणावर एवढी माया करणार नाही, हे गृहीत या तर्काच्या तळाशी आहे. आणि महाभारताने विदुराच्या रूपाने जे दाखविले ते नेमके याच्या उलट आहे.

मराठी भाषेने या बाबतीत एक सूक्ष्म भेद जपून ठेवला आहे. ‘धर्माचा भाऊ’, ‘धर्माची बहीण’, ‘धर्मपिता’ या प्रयोगांत ‘धर्म’ हा शब्द रक्तसंबंधाचा अभाव सांगतो आणि त्याच वेळी नात्याची खरी बांधिलकीही सांगतो. मराठी वाचकाने युधिष्ठिराला विदुराचा धर्मपुत्र म्हटले, तर मांडव्याच्या शापापासून अरण्यातील देहप्रवेशापर्यंतची सर्व साक्ष त्या एका शब्दात सामावते, आणि दुर्योधनाच्या जन्मकाळी बोलणारा विदुरही नि:पक्षपाती राहतो. इरावतीबाईंचा प्रश्न त्यामुळे निरर्थक ठरत नाही. तो प्रश्न म्हणून वाचावयाचा आहे, एवढेच.